किशन मास्तर आणि सुटलेली गाडी

आमचे शेजारी किशन मास्तर जेवायला बसले की ताटाच्या कडेवर चमच्यानं दोनदा टणटण वाजवतात आणि मगच पहिला घास घेतात. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की दांडीवर दोन टण, मग वस्तरा. भाजीवाला दारात फार वेळ रेंगाळला तर त्याच्या गाड्याच्या पत्र्यावर दोन टण. उभी हयात एस.टी.त कंडक्टरकी केली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. याच्याशिवाय त्यांचं काही सुरूच होत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडं कंडक्टरलाच मास्तर म्हणायची पद्धत. शाळेतला मास्तर मी. रेणापूरला शिकवतो, राहतो लातुरात, आणि आमच्या सगळ्या भावकीतला पहिला बी.ए. आहे. हे मी सांगतोच, लपवण्यासारखं त्यात काही नाही. किशन मास्तरांना मात्र त्याचं फार कौतुक नाही.

"सर, तुमी पोरं नापास करता," ते म्हणतात. "आपुन कुनालाच नापास केलं न्हाई. समद्यांना मुक्कामाला पोचवलं."

त्यांच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य. "मागं कोन राहिलं?" लग्नाच्या पंगतीत हे, नळाच्या रांगेत हे, बुद्धविहारातून वंदना आटोपून निघताना हे. फिकीर हा त्या माणसाचा मूळ स्वभाव. मुलगी पुण्याहून निघाली की तिची गाडी कुठवर आली असेल हे बसल्या जागी सांगतात आणि तिथं पाच मिनिटं जास्त लागली की घाम पुसतात.

एकदा गल्लीतले एक आजोबा वारले. मसणवाट्यातून परतताना किशन मास्तरांनी सगळ्यांना रस्त्यात थांबवलं.

"थांबा! जाताना मोजले होते. एक कमी हाय. मागं कोन राहिलं?"

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. शेवटी आजोबांचा थोरला मुलगाच हळूच म्हणाला, "मास्तर, आबा राहिले."

दुखवट्याच्या घरात हसू नये, पण लोक हसले. मुलगासुद्धा हसला. मास्तर तेवढे हसले नाहीत. घरी येऊन ओट्यावर बसले आणि बोटांवर पुन्हा मोजायला लागले.

आता त्यांच्या सिनेमाबद्दल सांगितलं पाहिजे. लातूर नवानवा जिल्हा झाला त्या सुमाराला मास्तरांचं लग्न झालं. शेवंताकाकू मुदखेडच्या. नवी जोडी नांदेडच्या टॉकीजला सिनेमा बघायला गेली. सिनेमा त्या काळी लई गाजलेला. शेवट असा, की दरोडेखोर गाव पेटवतात, नायिका एस.टी.त चढते, नायक एका म्हातारीला आणायला मागं पळतो आणि तेवढ्यात गाडी सुटते. नायिका मागच्या खिडकीतून बघतेय, धुरळ्यात नायक पळतोय, आणि समाप्त.

टॉकीजमधल्या बायका रडत होत्या. मास्तर खुर्चीवर उभे राहून ओरडले, "सवारी घेतल्याबिगर घंटी मारली! कंडक्टर कोन हाय त्यो?"

त्या कंडक्टरला त्यांनी आजवर माफ केलेलं नाही. "असा मानूस डेपोत असता तर मी स्वतः त्याला सस्पेंड करवला असता," म्हणतात. यावर काकूंचं उत्तर ठरलेलं. "अवो, आला असंल त्यो मागच्या गाडीनं. खामखा कशाला तरास करून घेता?" "मागची गाडीच नव्हती त्या रूटला!" हे भांडण त्यांच्या संसारात मिठासारखं होतं. रोज थोडं लागायचंच.

मग ते दुष्काळाचं साल आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. गल्लीत टँकर आला की ड्रम, घागरी, तेलाचे डबे, सगळ्यांची रांग लागायची. त्या रांगेचे कंडक्टर अर्थातच किशन मास्तर. "पुढं सरका, पुढं सरका! लेडीज आधी! मागं कोन राहिलं?" टँकरच्या पत्र्यावर दोन टण वाजल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. त्याच दिवसांत काकूंच्या पोटात दुखायला लागलं. मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. तिथं तपासलं तर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, मग बघू कशी गाठ आहे ती.

मास्तर इथंच राहिले. का, तर टँकरचं कोण बघणार.

एका रविवारी ते मोबाईल घेऊन माझ्याकडं आले. मुलीनं पाठवलेला, नवा. गल्लीत कुठलंही नवं यंत्र आलं की ते आधी माझ्याकडं येतं, जणू बी.ए.ला मला तेच शिकवलं.

"सर, पोरगी म्हनली त्या सिनेमाचा गेम निघालाय. गाडी सुटली तितून पुढं. लावून द्या."

मला खरं वाटलं नाही, पण होता. जुन्या सिनेमांच्या गोष्टी पुढं नेणारे असे गेम निघालेत म्हणे. गोष्ट अशी, की नायकानं डोंगराच्या आडवाटेनं पळत जायचं आणि पुढच्या थांब्यावर गाडी गाठायची. वेळ संपला की गाडी गेली. मी दोन बटणं दाखवली. एक पळायचं, एक हात द्यायचं. मास्तरांनी मोबाईलच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या आणि नायक पळाला.

वीस पावलांवर थांबला. वाटेत विहीर होती.

"मास्तर, पळा की!"

"थांबा वो सर. पानी दिसून राहिलंय. भरून घेऊ."

नायकाच्या पाठीवर पाण्याची चामडी पखाल होती. ती भरेपर्यंत गाडी गेली. पुढच्या खेपेला घोडा मिळाला, तर मास्तर त्याच्यावर बसेनात. "ह्याला पानी कुठून पाजू? आपल्याला पुरंना." तीही गाडी गेली. नंतर जळालेल्या गावातली माणसं वाटेत बसलेली दिसायला लागली. गेममध्ये त्यांना ओलांडून जायची मुभा होती. एखाद्याला हात दिला तर चार मार्क जास्त, एवढंच. मास्तर एकालाही सोडीनात. म्हातारे, लेकुरवाळ्या, एक लंगडा, एक शेळी. सगळे नायकाच्या मागं रांगेत, आणि नायक त्यांच्या चालीनं.

"अहो, एकट्याला पळवा! गाडी मिळंल!"

"लोकायला मागं सोडून? मी कंडक्टर हाय, सर."

माझ्या शाळेच्या सुट्टीचे सगळे दिवस त्यांनी माझ्या ओट्यावर घालवले. गाडी रोज जायची आणि मास्तर रोज आणखी सुकत चालले. मला आधी वाटलं, खेळाचं वेड. मग एकदा त्यांनीच सांगितलं. आवाज खाली आणून, कुणी ऐकेल की काय असा.

"सर, हसू नका. मी मनाशी बोललोय. ह्यो गाडीत बसला तर शेवंता घरी येती."

मी हसलो नाही. पण आतून मला भीती वाटली. विहार सोडून दुसरीकडं हात न जोडणारा माणूस. उतारे, अंगारे, नवस यांच्यावर रांगेत उभ्या उभ्या भाषणं देणारा. त्यानं एवढा भार त्या एवढ्याशा पळणाऱ्या चित्रावर टाकला होता.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. ऑपरेशन परवा ठरलं होतं. "बाबा, आई विचारून राहिली, कधी येताव?"

"टँकर हाय गं," मास्तर म्हणाले. "गल्ली सोडून कसं येऊ? तू हाय ना तितं." आणि फोन ठेवून लगेच गेम लावला.

त्या दुपारी काय झालं कोण जाणे, बोटं पटापट चालली. विहिरीवर थांबले नाहीत. माणसं घेतली, पण घाई करत. खिंडीतून खाली गाडी दिसायला लागली. तेवढ्यात वाटेच्या कडेला एक म्हातारी. मास्तरांचं बोट तिथं अडलं.

"मास्तर, चला! आता मिळती गाडी!"

चित्र जवळ आलं. गाडीच्या मागच्या खिडकीत नायिका होती. काचेला हात लावून मागं बघत होती. मास्तर हललेच नाहीत. वेळ संपला आणि गाडी वळणाआड गेली.

त्यांनी मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला.

"ती मागं बघून राहिली, सर," ते म्हणाले. "इतके दिवस मी कंडक्टरलाच शिव्या घालून राहिलो. तिच्याकडं बघितलंच न्हाई."

मग म्हणाले, "टँकर बिंकर काई न्हाई. मला भ्या वाटून राहिलंय. मसनातून येताना मोजलं होतं ना मी, एक कमी भरलं होतं? तितं दवाखान्यात बसून मला तसं मोजायचं न्हाई."

"टँकरचं मी बघतो," मी म्हणालो. "घंटी तेवढी शिकवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याच्या गाडीत चढल्याबरोबर त्यांनी सवाऱ्या मोजायला सुरुवात केली. पोरसवदा कंडक्टर वैतागला. "मास्तर, आज तुमी सवारी हाव. बसा गप."

"बाथरूमला गेलेली एक बाई यायची हाय," मास्तर म्हणाले. खरंच होती. ती पळत आली, तेव्हा कुठं ते सगळ्यात मागं खिडकीपाशी जाऊन बसले. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

मी खाली खिडकीशी उभा होतो. त्यांचा फोन वाजला. काकूंचा आवाज दमलेला होता, पण मला बाहेर ऐकू आला.

"काय करून राहिलाव? जेवलाव का? त्या तुमच्या हिरोचं काय झालं? घावली का गाडी?"

मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"घावली," ते म्हणाले. "बसलाय. मागच्या शिटावर, खिडकीपाशी."

"मी म्हनलं नव्हतं?" काकू म्हणाल्या. "मागच्या गाडीनं येतो म्हनून."

"हाव," मास्तर म्हणाले. "तूच खरी."

पलीकडून काकू म्हणाल्या, "त्याला म्हनावं, लवकर ये."

पुढून दोरी ओढली गेली. दोन टण.