दात विचारणारं दुकान

मथुराक्का दात बघितल्याशिवाय कडक भाकरी विकत नाहीत. मुरुमच्या बाजारात त्यांचं दुकान होतं तेव्हा भलीभली गिऱ्हाइकं आ करून उभी राहायची. "खालची दाढ हालती तुजी. तू शेंगाचटणी ने," म्हणून त्यांनी एका फौजदाराला परत पाठवलेलं मी पाहिलंय.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. दुकान बंद झालं. दुकानात कामाला असलेल्या दोन बायका आता आपापल्या घरी भाकऱ्या थापतात आणि अक्का घरात एकट्या. शेजारचा कंप्युटरवाला म्हणून मी तावडीत सापडलो. "तुज्या त्या पेटीत माजं दुकान मांड," म्हणाल्या.

मी ऑनलाइन दुकानाचं तयार टेम्प्लेट घेतलं. त्यात कंसात 'ग्राहकाचे नाव' असं लिहिलेलं असतं. माणूस आला की तिथं त्याचं नाव आपोआप बसतं. खरेदीच्या कार्टमध्येही वस्तू, नग, पत्ता अशा मोकळ्या जागा असतात. त्या हव्या तशा वाढवता येतात, हे मी अक्कांना सांगायला नको होतं.

"मग दातांची जागा कर."

"अक्का, ऑनलाइन दात कोण सांगतं?"

"न्हाय तर न्हाय. मग भाकरी बी न्हाय."

केली. मग 'घरात माणसं किती' आलं, 'पित्त होतं का' आलं. हे सगळं भरल्याशिवाय ऑर्डर पुढं सरकेना. म्हटलं, घ्या, आता कुत्रंही फिरकणार नाही. झालंही तसंच. पंधरा दिवस अक्का काठी टेकत यायच्या, "आलं का रं कोन?" शेवटी मी वैतागून म्हटलं, "काढू का ते दात?"

त्यांनी जायला काठी उचलली. मग म्हणाल्या, "काढ बाबा. पर दिसभर कुनाला काय इचारलं न्हाय की मला करमत न्हाय."

मला लाज वाटली. काढलं नाही.

दोन दिवसांनी पुण्याहून ऑर्डर आली आणि माझा जीव भांड्यात पडला. मुलाकडे राहायला गेलेले मुरुमचेच एक म्हातारे गुरुजी. सगळ्या जागा भरलेल्या. मी अक्कांना वाचून दाखवलं. दात: 'वरचे चार. आमटीत भिजवून खाईन.' माणसं: 'चार, पण दुपारी जेवायला मी एकटाच.' पित्त: 'होतं. अक्का, तुम्ही कशा आहात?'

अक्का बराच वेळ पदरानं चष्मा पुसत राहिल्या. "मला इचारलंय त्यांनी. ह्याचं उत्तर कुठल्या जागेत लिवायचं रं?"

दुकानदाराची तब्येत सांगायला टेम्प्लेटमध्ये जागाच नव्हती. मी केली.

"लिव, बरी हाय," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "आता बरी हाय, असं लिव."