पोटशूळ मंजूर

आमच्या सौ. रत्नप्रभाच्या एकुलत्या एका भावाचे दिग्रसला लग्न निघाले, आणि मी रजेच्या अर्जात कारण म्हणून 'पोटशूळ' ठोकून दिला. (मेहुण्याच्या लग्नाला वरचे साहेब दोन दिवस देतात, पोटाला आठ.) अर्ज आमच्या तहसील कचेरीतून यवतमाळला, जिल्ह्याच्या साहेबांकडे गेला.

दुसऱ्याच दिवशी दारव्ह्याच्या बाजारात मी मिरचीची भजी हाणत उभा, तर समोर आमचे नायब तहसीलदार! त्यांनी माझ्याकडे पाहिले, भज्यांकडे पाहिले आणि ते निघून गेले.

सोमवारी यवतमाळहून माझ्या नावाचा लिफाफा आला. कचेरीचे टपाल मीच फोडतो. अठरा वर्षांत हजारो लिफाफे फोडले, हा मात्र कोटाच्या आतल्या खिशात गेला. आत मेमोच असणार, आणि न वाचलेला मेमो लागू होत नाही, असा माझा कायदा!

पोटाला हा कायदा ठाऊक नव्हता. संध्याकाळी कळ उठली. अन्न पाहवेना. अर्जातला पोटशूळ लिहिल्याबरहुकूम हजर झाला. लग्नाच्या आदल्या दिवशी, म्हणजे मागितलेल्या रजेच्या पहिल्याच दिवशी, मी अंथरुणावर गडाबडा लोळत होतो.

"तू तरी जा," मी कण्हलो.

"तुमाले असं टाकून? कशी जाऊ मी!" डोळे पुसत रत्नप्रभाने भरलेली ट्रंक रिकामी केली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. (लिफाफा मात्र बाहेर काढला नाही.)

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. "बाबू, पोटात काहीच नाही. डोक्यात काय हाय?"

"काही नाही."

"मंग ते 'काही नाही'च दुखून राह्यलं."

रजेच्या सहाव्या दिवशी कोट उन्हात टाकताना रत्नप्रभाला लिफाफा सापडला. तिने तो फोडून मोठ्याने वाचला, "आठ दिवसांची रजा मंजूर. नायब तहसीलदारांची खास शिफारस. अर्जदार बाजारात दिसला तेव्हा त्याचा चेहरा पिवळा पडला होता."

पोट दुखायचे त्या क्षणी थांबले! मी टुणकन उठून बसलो. "अगं, भूक लागली. भजी कर ना!"

तिने लिफाफ्यावरची तारीख पाहिली. मग कडूजहर काडेचिराईताचा काढा पेलाभर ओतून माझ्यापुढे ठेवला.

"माह्या भावाचं लगन गेलं. सरकारनं आठ दिवस देल्ले न? अजून दोन बाकी हायेत. गुमान आजारी राहा."

राहिलो.