पोतेरावचा पराभव

चष्मेवाल्यानेच चष्म्यावर बसावे, याला योग लागतो. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मापसाहेबांचे मेहुणे, म्हणजे गावातले चष्मेवाले, आले, सहजच आलो म्हणाले आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीत सहजच बसले. खालून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. मेहुणे उठून पाहतात तो मापसाहेबांच्या एका चष्म्याचे दोन झालेले, आणि दोन्ही कुचकामी.

"दाजी, दोन दिवसांत नवीन करून देतो," असे म्हणून मेहुण्यांनी चपला घातल्या. घाईत एक स्वतःची घातली आणि एक मापसाहेबांची. पण ते मापसाहेबांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आता या मापसाहेबांबद्दल सांगायला हवे. एकतीस वर्षे ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. किलोचे वजन तळहातावर घेऊन ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "याच्यावर मुंगी बसली आहे. उतरवून परत द्या." मुंगी खरोखर असायची. निवृत्तीनंतर एके शनिवारी त्यांनी टीव्हीवर 'शनिवारचा दणका' हा कुस्त्यांचा कार्यक्रम पाहिला. दीडशे किलोचा म्हणून जो मल्ल नाचत आला, तो एकशे अठ्ठावीसच्या वर नाही, असे त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवले. संपादकांनी चौकशी केली. एकशे अठ्ठावीसच भरला. तेव्हापासून दर सोमवारी 'वजनमाप' हे त्यांचे सदर सुरू झाले. शनिवारच्या पाच कुस्त्या, प्रत्येकीचे परीक्षण, आणि दहापैकी गुण. तेही पावापर्यंत काटेकोर. एखाद्या कुस्तीला सव्वासहा मिळाले की पावणेसात, यावर न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी तशीच ठेवून वाद चालायचे.

मापसाहेबांचे नियम तीन. पहिला, टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा. दुकानदाराच्या बडबडीकडे लक्ष दिले की तराजूकडचे लक्ष उडते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. दुसरा, चष्मा एकच ठेवायचा. ज्याच्याकडे वजनांचे दोन संच सापडतात तो लबाड, मग चष्म्याचे दोन संच ठेवणारा कोण? आणि तिसरा नियम त्यांनी आपणहून संपादकांना लिहून दिला होता: ज्या दिवशी माझा एक जरी निकाल चुकेल, त्या दिवशी सदर बंद. नऊ वर्षे झाली, तो दिवस आला नव्हता. निवृत्त माणसाला रस्त्यात कोण विचारतो? मापसाहेबांना विचारत होते, ते या सदरामुळे.

आणि आता सहा वाजायला आले होते, चष्मा मोडला होता, आणि टीव्हीच्या जागी त्यांना एक निळा डाग दिसत होता.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "जरा इकडे येऊन बसतेस का? मला बघून सांगायचं."

काकू मटार सोलत होत्या. टोपली घेऊन बाहेर आल्या. नऊ वर्षांत त्यांनी एकही कुस्ती पाहिली नव्हती. सुरुवातीला त्यांनी जे सांगितले त्याचा परीक्षणाला काडीचाही उपयोग नव्हता. एका मल्लाने मोजे उलटे घातले आहेत, दुसऱ्याला घरी कोणी नीट जेवायला घालत नसावे, पंच बिचारा एकटाच कपडे घालून आला आहे, वगैरे. मापसाहेब चिकाटीने एकेक प्रश्न विचारत गेले. कोणी उचलले, कसे आपटले, कितीदा. काकू उत्तरे देत गेल्या. शेवटची कुस्ती महागेंड्याची होती. महागेंडा म्हणजे गेली दीड वर्षे विजेता. समोर पोतेराव. पोतेराव म्हणजे ज्याला चौदा वर्षे दर शनिवारी कोणीतरी उचलून आपटत आले आहे, असा माणूस. नावच त्यावरून पडलेले.

थोडा वेळ नुसता मटार फुटल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"काय झालं? संपली का?"

"संपली."

"गेंडा ना?"

"पोतेराव जिंकला," काकू म्हणाल्या.

मापसाहेब खुर्चीत सरळ झाले. नीट बघितलेस का, असे त्यांनी तीन वेळा विचारले आणि काकूंनी तिन्ही वेळा नीट बघितले असे सांगितले. लग्नाला चाळीस वर्षे झाली होती. या बाईने कधी खोटे सांगितल्याचे त्यांच्या नोंदीत नव्हते. रविवारी सकाळी त्यांनी तोंडी सांगितले आणि काकूंनी लिहून घेतले. "चौदा वर्षांच्या तपश्चर्येला फळ आले," असे सुरुवातीचे वाक्य मापसाहेबांनी स्वतःच्या मनाने घातले. एरवी ते असे वाहवत जात नसत.

सोमवारी परीक्षण छापून आले. पाचच्या पाच कुस्त्यांचे निकाल उलटे होते.

दुसऱ्या कोणी हे लिहिले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. पण मापसाहेब चुकत नाहीत, हे गावाला सूर्य उगवण्याइतके पक्के माहीत होते. मग चुकले कोण? न्हाव्याने शनिवारी महागेंडा जिंकल्याचे डोळ्यांनी पाहिले होते. सोमवारी सकाळी त्याने तसे बोलून दाखवताच खुर्चीतले गिऱ्हाईक साबणासकट उठले. ज्याला गेंडा आणि पोतं यातला फरक दिसत नाही, त्याच्या हातात वस्तरा कोण देईल? न्हावी दुकान बंद करून तडक मेहुण्यांकडे डोळे तपासायला गेला. त्याच्यामागे बसचा चालक गेला, कारण वाहकाने घंटी द्यायला नकार दिला होता. मग शाळेच्या मुख्याध्यापिका गेल्या, दूधवाला गेला, आणि दुपारी तोंडाला मफलर गुंडाळून खुद्द संपादक गेले. रांग वळून टपाल कचेरीपर्यंत पोचली. कचेरीतल्या माणसाला ती आपलीच वाटली, म्हणून त्याने चाळीस लोकांना तिकिटे विकली.

मापसाहेबांना यातले काही ठाऊक नव्हते. मंगळवारी त्यांनी चष्म्यासाठी फोन केला तेव्हा मेहुण्यांना धाप लागली होती.

"दाजी, आज काही जमत नाही. गावाला काय झालंय कोण जाणे, सगळ्यांना एकदमच कमी दिसायला लागलंय. आणि गंमत सांगू का? तपासले की सगळ्यांचे डोळे उत्तम. तरी चष्मा द्याच म्हणतात. साध्या काचा बसवून देतोय."

म्हणजे मापसाहेबांच्या चष्म्यामुळे परीक्षण चुकले, परीक्षणामुळे रांग लागली, आणि रांगेमुळे मापसाहेबांचा चष्मा अडला. गाढवाच्या शेपटीला गाढव बांधावे तसे झाले.

बुधवारी चारच्या सुमाराला दारात अंधार झाला. कोणीतरी वाकून, आणि तरीही कपाळ चौकटीला घासत, आत आले.

"साहेब आहेत का?" आवाज मात्र अगदी हळू, आजाऱ्याच्या खोलीत बोलावे तसा.

काकू बाहेर आल्या आणि ओळख पटताच त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी खुर्ची पुढे केली. पाहुणा एक पाऊल मागे सरला आणि जमिनीवर बसला.

"राहू द्या काकू. खुर्च्यांचा मला अनुभव आहे."

तो पोतेराव होता. मापसाहेबांनी निळसर ढगाच्या दिशेने हात पुढे करून विजयाबद्दल अभिनंदन केले. ढगाने तो हात दोन्ही हातांत धरला आणि म्हटले, "साहेब, माझा पराभव मला परत द्या."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. पोतेराव जिंकला नव्हता. आयुष्यात कधीच जिंकला नव्हता. पण कार्यक्रमाच्या मालकांनी सोमवारचे सदर वाचले, लोकांना पोतेराव जिंकलेला चालतो असे त्यांना वाटले, आणि त्यांनी त्याला थेट विजेताच करायचे ठरवले. येत्या शनिवारी.

"मग वाईट काय आहे त्यात?" काकूंनी विचारले.

"काकू, जिंकणारे चार महिन्यांत बदलतात. गेंडा दीड वर्ष टिकला तर केवढं कौतुक झालं. हरणारा कायम असतो. आणि खरं सांगू का, गेंड्याला पडता येत नाही. त्याला कधी शिकवलंच नाही कोणी. मी त्याला आपटलं तर त्याचं कंबरडं मोडेल. त्याची बायको मला दर शनिवारी डबा देते, काकू. कुठल्या तोंडाने घेऊ?"

पडण्यात शिकण्यासारखे काय असते, असे मापसाहेब नकळत बोलून गेले. नऊ वर्षे गुण देणाऱ्या माणसाने हे विचारायला नको होते. पोतेराव उठला, काकूंच्या हातातला भरलेला चहाचा कप न्याहाळला, त्यांना तिथेच उभे राहा म्हणाला, आणि बैठकीच्या मधोमध पाठीवर पडला.

कपाटातली भांडी दोन क्षण किणकिणली. भिंतीवरचे घड्याळ, जे सहा महिने बंद होते, ते चालू झाले. काकूंच्या बशीत चहाचा थेंब सांडला नाही.

मापसाहेबांना दिसले काहीच नाही. पण त्यांचे पाय जमिनीला टेकलेले होते, आणि ते पाय एकतीस वर्षे काट्यांशेजारी उभे राहिलेले होते. त्यांनी डोळे मिटले.

"तुमचं वजन एकशे चोवीस," ते म्हणाले. "जमिनीवर चाळीसच पोचले. बाकीचे चौऱ्याऐंशी गेले कुठे?"

"हातांत वाटले साहेब. थोडे खांद्यात. थोडे श्वासात सोडले."

मापसाहेबांनी बायकोकडे, म्हणजे बायको असावी अशा दिशेने, मान वळवली. "तू मला पोतेराव जिंकला म्हणालीस."

"म्हणाले."

"का?"

काकूंनी कप खाली ठेवला. "पंचाची पाठ वळल्यावर गेंड्याने खुर्ची काढली आणि याच्या डोक्यात घातली. तुम्हीच सांगत आलात ना चाळीस वर्षं, खोट्या वजनाने केलेली विक्री ही विक्रीच नव्हे म्हणून? खुर्ची म्हणजे खोटं वजनच की. मी विक्री रद्द केली. पाचही जिंकणारे तसलेच निघाले, त्याला मी काय करू?"

कायदा मापसाहेबांचाच होता.

त्यांनी काकूंना कागद घ्यायला सांगितला. पाचही निकाल चुकले आहेत, मी चष्म्याविना होतो, महागेंडाच, पंचाच्या पाठीमागे खुर्ची घालून का होईना, जिंकला आणि पोतेराव रीतसर हरला, असे त्यांनी सांगितले. पोतेरावने 'रीतसर' हा शब्द दोनदा म्हणवून घेतला. मग मापसाहेब म्हणाले, "आणि खाली लिही. ठरल्याप्रमाणे हे सदर आजपासून बंद."

काकूंचे पेन थांबले.

"लिहिलंस का?"

"नाही. आधी मला एक सांगा. एखाद्या दुकानात वजन कमी भरलं तर तुम्ही काय करत होता? ते विहिरीत टाकत होता का?"

"विहिरीत कशाला? दुरुस्त करायचं. फेरतपासणी करायची आणि नवा शिक्का मारायचा."

"मग तुमच्यावर मारते नवा शिक्का," असे म्हणून काकूंनी त्या ओळीच्या जागी 'फेरतपासणी झाली' असे लिहिले आणि खाली स्वतःची सही केली.

गुरुवारी दुरुस्ती छापून आली. दहा वाजता मेहुण्यांच्या दुकानापुढची रांग उलटी फिरली. आपले डोळे पहिल्यापासून चांगले होते हे गावाला कळले आणि साध्या काचांचे चष्मे टोपलीने परत आले. न्हाव्याच्या हातात पुन्हा वस्तरा आला, बसची घंटी वाजली. दुकान ओस पडल्यामुळे मेहुण्यांना शुक्रवारी मापसाहेबांचा चष्मा करायला वेळ मिळाला. तो त्यांनी टेबलावर ठेवला, शेजारी चपलेचा एक पाय ठेवला, आणि चार दिवस तरी धंदा होऊ द्यायचा होता दाजी, असे पुटपुटत उभ्यानेच निघून गेले. बसले मात्र नाहीत.

शनिवारी सहाला मापसाहेब चष्मा लावून बसले. काकू न बोलावता येऊन बसल्या. दुरुस्ती वाचून मालकांनी बेत रद्द केला होता, त्यामुळे विजेता तोच आणि समोर पोतेराव. वेळ आली, पंचाची पाठ वळली, महागेंड्याने खुर्ची उचलली. आणि तिथेच अडला. त्यानेही दुरुस्ती वाचलेली असावी. त्याने कॅमेऱ्याकडे असे पाहिले, जणू आत मापसाहेब बसलेले आहेत. मग खुर्ची घडी करून कोपऱ्यात नीट ठेवली आणि रिकाम्या हातांनी परत आला. खुर्चीशिवाय जिंकायचे कसे, ते त्याला ठाऊक नव्हते. तो नुसता उभा राहिला.

"आता हो?" काकूंच्या हातातली मटाराची शेंग तशीच राहिली.

पोतेरावने क्षणभर वाट पाहिली. मग महागेंड्याचे मनगट धरले, त्याला अलगद स्वतःभोवती फिरवले, त्याच्याच हाताने स्वतःला उचलून घेतल्यासारखी उडी मारली आणि हवेत आडवा होऊन असा पडला, की प्रेक्षक उभे राहिले. पडल्या पडल्या त्याने गेंड्याला दंडाला धरून आपल्या अंगावर ओढून घेतले, हळूच, कुठे लागणार नाही असे. आणि पंच अजून पाठमोराच आहे हे पाहून त्याच्या पोटरीवर दोन टिचक्या मारल्या. पंच वळला. एक, दोन, तीन.

मापसाहेबांनी या वेळी स्वतः लिहायला घेतले. महागेंडा विजयी. पोतेराव पराभूत. मग गुण. गुण आजवर ते कुस्तीला देत, या वेळी माणसांना दिले. महागेंड्याला दहापैकी सव्वा, तोही खुर्ची जागेवर ठेवल्याबद्दल. पोतेरावला पावणेदहा.

काकू खांद्यावरून वाचत होत्या. "पाव कुठे कापलात?"

मापसाहेबांनी चष्मा काढला, काकूंच्या पदराच्या टोकाने पुसून घेतला आणि परत लावला.

"पडताना हसला," ते म्हणाले.