मामांकडे जायचा पूल

एका जंगलात एक खोल घळ होती, आणि घळीवर पूल नव्हता. पूल नसल्याचं कुणाला दुःख नव्हतं. हसता काय रे पोरांनो? दुःखसुद्धा कुणीतरी येऊन शिकवावं लागतं.

ते शिकवायला सातासमुद्रापलीकडून एक बीव्हर आला. बीव्हर म्हणजे घुशीचा शिकलेला चुलतभाऊ समजा. शेपटी गवंड्याच्या थापीसारखी चपटी, आणि पुढचे दात नारिंगी, हे एवढाले. त्याचं खरं नाव जंगलाने एकदा उच्चारून पाहिलं. सगळ्यांच्या जिभा चावल्या गेल्या. तेव्हापासून तो दातेसाहेब.

दातेसाहेबांची पूल बांधायची कंपनी होती. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. बीव्हरचे दात जन्मभर वाढतात. लाकूड कुरतडलं तर झिजतात. नाही कुरतडलं तर असे वाढतात की तोंडच मिटत नाही, मग खाणं बंद. आणि मायदेशात तर ओढ्याओढ्यावर दोन-दोन पूल होऊन बसलेले. कुरतडायला काम कुठलं?

साहेब निघाले तेव्हा बायको दारात उभी होती. तिचे दात हनुवटीच्या खाली उतरले होते. "काम विसरू नका," असं तिला म्हणायचं होतं. ओठ मिटेनात, म्हणून "कान विसरू नका," असं ऐकू आलं. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

तर साहेब जंगलात आले आणि आधी चौकशीला लागले. दुभाषी म्हणून साळुंकी ठेवली. तिला सगळे साळूबाई म्हणत. बोली ठरली : एका शब्दाला एक उंबर.

पहिला गाठला गवा. गवा म्हणजे जंगलाचा पाटील.

"घळीवर पूल बांधून दिला तर?"

"बांधा की," गवा रवंथ करत म्हणाला. फुकट म्हटल्यावर नाही कोण म्हणतो?

"पलीकडे कोण राहतं?"

गव्याची रवंथ थांबली. त्याने मागे-पुढे पाहिलं, आवाज खाली आणला. "मामा."

आता जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की हजर होतो म्हणतात. म्हणून नुसतं 'मामा'. हे तुम्हाला ठाऊक आहे, शेंबड्या सशाला ठाऊक आहे. दातेसाहेबांना नव्हतं.

त्यांनी सांबराला विचारलं. पलीकडे मामा. रानडुकराला विचारलं. मामाच.

"अरेरे," साहेबांचे डोळे भरून आले. "अख्ख्या जंगलाचं आजोळ पलीकडे, आणि मध्ये ही मेली घळ!"

शेवटी भेकराला विचारलं, "मामांकडे कुणी गेलं होतं का?"

"थोरली ताई गेली होती. वरच्या अंगाला, घळ संपते तिथून वळसा घालून. त्यानंतर भेट नाही."

"मामांची?"

"ताईची."

साहेबांनी लिहून घेतलं : गेलेला पाहुणा परतत नाही. पाहुणचार उत्तम असावा.

मग सगळ्यांना शेवटचा प्रश्न. "पूल झाला तर याल ना पुलावर?"

"बघू," म्हणत गवा उठला. अंगावरची माती झटकली. "बरं साहेब, येतो."

"काय म्हणाला?" साहेबांनी साळूबाईला विचारलं.

"येतो म्हणाला," साळूबाईने सांगितलं आणि उंबर घेतलं.

सांबर उठलं, "येतो." डुक्कर उठलं, "येतो." भेकर उठलं, "येते हं." साहेबांनी मायदेशी कळवलं : मागणी अफाट. ज्याला विचारलं तो येतोच म्हणाला. नकार एकही नाही.

झालं! अख्खी कंपनी बोचकी बांधून उतरली. साग पडले, ऐन पडले, निम्म्या जंगलाची सावली आडवी झाली. चारशे जणांचे दात झिजून जागेवर आले. साहेबांच्या बायकोचे ओठ दोन वर्षांनी एकमेकांना भेटले आणि तिने स्वच्छ 'म' म्हणून दाखवला. साहेबांना भरून आलं. हा पूल चालला की दुसरा मिळेल, दुसऱ्यावर तिसरा. दात आता कधीच वाढायचे नाहीत.

उद्घाटनाला पुलावर गुळवेलीची फीत बांधली. साहेब वाट पाहू लागले. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं. चिटपाखरू नाही.

"येतो म्हणाले होते," साहेब साळूबाईला म्हणाले.

"निघताना तसंच म्हणतात, साहेब. 'जातो' म्हणणं अशुभ. 'येतो' म्हणजे 'निघालो'."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"शब्दाला उंबर ठरलं होतं. अर्थाचं बोलणं कुठे झालं होतं?"

साहेब मटकन खाली बसले. बायको बरोबरच म्हणाली होती. कानच विसरलो. आता या पुलावर दुसरा पूल कोण देणार?

तेवढ्यात पलीकडून फळ्या वाजल्या. सावकाश, वजनदार. साहेब ताडकन उठले. "मामा?" त्यांनी वळून विचारलं. साळूबाई केव्हाच शेंड्यावर जाऊन बसली होती.

मामांनी गुळवेलीची फीत पंजाने तोडली, साहेबांना हुंगलं. डिंकाचा वास आला, तोंड फिरवलं.

"पूल तुझा?"

"क-कंपनीचा. आपण... किती वेळा वापराल?"

"सकाळ-संध्याकाळ."

साहेबांनी लिहून घेतलं. या बाजारातलं पहिलं खरं उत्तर होतं ते.

तिसऱ्या दिवशी उरलंसुरलं जंगल साहेबांच्या तंबूपुढे गोळा झालं. भेकर त्यात नव्हतं. गव्याच्या पुठ्ठ्यावर पाच ओरखडे होते.

"साहेब, पाया पडतो, हा पूल पाडा! एवढे साग तुमच्याशिवाय कोण कुरतडणार?"

साहेब हळूच म्हणाले, "पाडायचंही काम असतं?" आणि त्यांचे दात शिवशिवायला लागले.

मामांची दुपारची झोप साधून कंपनीने पूल कुरतडला. शेवटचा ओंडका घळीत गेला तेव्हा जंगलाने पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. साहेब एव्हाना रीतभात शिकले होते. जंगलाकडे वळले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बरंय मंडळी. येतो."

टाळ्या थांबल्या. गव्याला घाम फुटला.

"साळूबाई," तो कुजबुजला, "साहेब हे आपल्यासारखं म्हणाले, की त्यांच्यासारखं?"

साळूबाईने चोच पंखाला पुसली. "अर्थाला दोन उंबरं पडतील, पाटील."

तात्पर्य : परक्या मुलखात काम धरण्याआधी तिथली बोली शिकावी, असं शहाणे सांगतात. सांगोत बापडे. दातेसाहेब शिकून आले असते तर त्यांना एकही काम मिळालं नसतं. न शिकता आले, म्हणून दोन मिळाली.