दत्तूनाना आणि टायरची ऊब

थंडीच्या दिवसांत सकाळी आमच्या भिंगारच्या गल्लीत कोणी नवखा आला, की दत्तूनानांची स्कूटर बघून थबकतो. स्कूटर उघडीच असते. पण तिच्या दोन्ही चाकांना बोटभर जाडीच्या, मापात शिवलेल्या दुलया गुंडाळलेल्या असतात. नाना मात्र शेजारी पातळ सदऱ्यात कुडकुडत उभे.

नानांची सारी उमर जवानांचे गणवेश शिवण्यात गेली. मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांची एकुलती लेक इंजिनियर झाली आणि परदेशात शर्यतीच्या गाड्यांच्या एका संघात नोकरीला लागली. मुलीचं नाव शीतल आणि काम टायर तापवायचं. शर्यतीआधी टायरांना विजेवरची ब्लँकेटं गुंडाळायची आणि ते हवे तितकेच गरम ठेवायचे. गार टायर रस्ता धरत नाही, फार तापला तर झिजून जातो. हे तिनं एकदा फोनवर समजावलं आणि नानांना आयुष्याचं सूत्रच सापडलं.

"ऊब पायजे, भाजनं न्हाई."

हे ते चहालाही लावतात, भाकरीलाही, आणि सुनेवर कावणाऱ्या शेजारणीलाही.

मे महिन्यात मी त्यांना माझ्या गाडीतून श्रीगोंद्याला लग्नाला नेलं. वाटेत लिंबाचं झाड दिसलं की ते थांबायला लावायचे. खाली उतरून, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात टायरला लावायचे आणि "जरा इसावा घेऊ दे त्याला" म्हणून सावलीत बसायचे. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठत आल्या होत्या. वरमाईनं उशिराचं कारण विचारलं. नानांनी ते इतकं सविस्तर सांगायला घेतलं, की तिनं आम्हाला घाईघाईनं पानावरच बसवलं.

परवा रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर टीव्हीवर शर्यत सुरू व्हायची होती. गाड्या रांगेत उभ्या होत्या, भोवती माणसांची धावपळ. नाना पडद्याला नाक लावून बसलेले. टोपी घातलेली एक पाठमोरी मुलगी वाकून टायरवरचं ब्लँकेट काढताना क्षणभर दिसली. नानांनी नुसतं बोट दाखवलं. मग गाड्या निघाल्या आणि नानांनी टीव्ही बंद केला.

खरी शर्यत तर आता सुरू होणार, असं मी म्हणालो. त्यावर नाना म्हणाले, ती येड्यागत पळापळ त्यांना बघवत नाही. कोण जिंकतं तेही त्यांना ठाऊक नसतं. मग टायरचा एवढा नाद कशाला, मी विचारलं.

नानांनी रिमोट बाजूला ठेवला.

"कशी हायस इचारलं, तर 'बरी हाय नाना' म्हनती अन् फोन ठिवती. टायरचं इचारलं की लई बोलती. समदं न्हाई कळत मला. पन आवाज ऐकत बसतो."

मग त्यांनी उठून चहा टाकला. गाळता गाळता हळूच म्हणाले, "त्या टायरांत साधी हवा न्हाई, दुसरंच कायतरी भरत्यात म्हनं. उद्या ते इचारलं, तर बोलंल ना बराच येळ?"