गालिच्याचा न दिसणारा कोपरा

मूल रंगवायला बसले की त्याचा सर्वांगीण विकास होतो, हे आता सर्वमान्य आहे. या विकासातला थोडा वाटा कागदाला मिळतो. बाकीचा फ्रॉक आणि गालिचा वाटून घेतात.

फ्रॉकचे सोपे असते. मेणखडूचा डाग चमच्याच्या कडेने खरवडावा, वर-खाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. मेण कागदात उतरते. थोडे इस्त्रीला लागते, ते नवऱ्याच्या शर्टावर जाते. डाग घरातल्या घरातच राहतो, फक्त माणूस बदलतो.

गालिच्याचे तसे नाही. आमचा गालिचा सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीतून आलेला आहे. सोबत एक टीपॉय आला आणि टीपॉयसोबत अट आली: तो मधोमधच ठेवायचा, हलवायचा नाही. शोभा जाते म्हणे. त्या येतात तेव्हा आधी टीपॉयकडे बघतात, मग नातीकडे. म्हणून, सासूबाई संध्याकाळी यायच्या होत्या त्याच दुपारी कन्येने टीपॉयशेजारी निळ्या रंगाची बाटली लवंडली, तेव्हा मी अजिबात घाबरले नाही. नवऱ्याला फक्त लागोपाठ फोन केले. त्याने ‘पुसून टाक की’ असे तज्ज्ञ मार्गदर्शन केले. (बाटलीवर ‘धुऊन निघणारा’ असे छापलेले होते. कशातून, ते छापलेले नव्हते.)

डाग घासायचा नसतो. कडेकडून आत टिपत यायचा असतो. ही माहिती घासून झाल्यावर वाचनात येते. तोवर बशीएवढा डाग परातीएवढा झाला होता.

“हा समुद्र आहे,” कन्येने खुलासा केला. “मासे राहिलेत अजून.”

पुढची पायरी शास्त्रीय होती. साबणाचे पाणी आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे. आमच्या गालिच्याला असा कोपरा एकच, टीपॉयखालचा. मी टीपॉय उचलून बाजूला ठेवला. खाली जागा शिल्लक नव्हती. शाईचा एक जुना, जांभळट, चांगला मुरलेला डाग तिथे आधीपासून राहत होता. कुणीतरी तोही घासलेला होता, आतून बाहेर.

टीपॉय एक, डाग दोन, आणि बेल वाजली.

सासूबाईंनी बाजूला सरकलेला टीपॉय पाहिला, मग जांभळा डाग, मग निळा, मग माझे निळे हात. शोभेचा विषय त्यांनी काढला नाही.

“तुझा नवरा दुसरीत होता तेव्हा,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या सासूबाई यायच्या होत्या त्या दिवशी.”

“मग काय केलंत, आई?”

“टीपॉय आणला.”

एवढे बोलून त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढली, निळ्यावर नेमकी बसवली आणि वर स्वतः बसल्या. मी टीपॉय मूळ जागी ठेवला. माशांचे काय, असे कन्येने विचारले.

“खुर्चीखाली काढ,” आजीने परवानगी दिली.

तेव्हा आमच्याकडे याल, तर खुर्ची अशी ऐन वाटेत का, असे कृपया विचारू नका. तुमच्याकडची ती मोठी कुंडी खिडकी सोडून अंधाऱ्या भिंतीशी का वाढते आहे, हे आम्ही कधी विचारलेले नाही.