रूथमावशीची साक्ष

रूथमावशी साक्ष द्यायला उठली की आमच्या चर्चमधली अर्धी माणसं मान खाली घालतात आणि उरलेली अर्धी आपल्या घरात या आठवड्यात काय काय झालं ते आठवत बसतात.

साक्ष म्हणजे, दर रविवारी उपदेश झाला की पाळकसाहेब विचारतात, "कुणाला प्रभूचे उपकार मानायचे आहेत का?" मग कुणी उभं राहून सांगतं, ताप उतरला, पोरगा पास झाला. आपापलं सांगायचं आणि बसायचं, अशी रीत. मावशी मात्र दुसऱ्यांचं सांगते. आणि दुसऱ्यांचंसुद्धा चांगलं झालेलं नाही, वाईट झालेलं!

"शिमोनच्या सुनेनं वेगळी चूल मांडली," मावशी खणखणीत आवाजात म्हणते, "पन त्याच गल्लीत मांडली. प्रभू, तुझे उपकार." शिमोनभाऊंनी ही गोष्ट सख्ख्या भावालासुद्धा कळू दिली नव्हती, आणि भाऊ नेमका शेजारीच बसलेला.

"डॅनियलची स्कूटर चोरीला गेली. आता चालत येतो, म्हनून वेळेवर येतो. उपकार." एकदा तर पाळकसाहेबांची दाढ दुखत होती, म्हणून उपदेश थोडक्यात आटोपला, त्याचेही उपकार मानून झाले. पाळकसाहेब स्वतःच "आमेन" म्हणाले, करतात काय!

कुणी रागावलं तर तिचं उत्तर ठरलेलं. "उपकार मान बाबा. देव काय पाव्हना हाय, गोडधोड असंल तवाच ताट वाढायचं?"

मावशी मिशनच्या दवाखान्यात आया होती. आता आमच्या कंपाउंडातल्या शेवटच्या खोलीत एकटी राहते. शांतवनकाका जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. पण तिला एकटं वगैरे वाटत असेल, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. जिला सगळ्या गावाची उठाठेव, तिला कसलं आलंय एकटेपण!

मी सुप्याला एका कंपनीत कंत्राटावर होतो. एका सोमवारी गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. घरी बायकोला, वनिताला, सातवा महिना लागलेला, डॉक्टरनी तिला टेन्शन देऊ नका म्हणून बजावलेलं. मग मी काय शहाणपणा केला, रोज सकाळी डबा घेऊन, गाडीला किक मारून निघायचं आणि गावाबाहेरच्या आमच्या दफनभूमीत लिंबाखाली बसायचं. तिथं विचारपूस करणारं कोणी नसतं. मोबाईलवर नोकऱ्या शोधायच्या, दुपारी डबा खायचा आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी परतायचं. असे दोन आठवडे काढले.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, डब्याचं झाकण उघडतोय तोच मागून आवाज आला.

"काय रे सुहास, कंपनी हितं हलवली व्हय?"

हातात खराटा घेऊन रूथमावशी उभी! काकांच्या कबरीवरचा पाला झाडायला आली होती. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. खोटं बोलून बघितलं, पण दवाखान्यात तीस वर्षं माणसांची तोंडं बघितलेली बाई ती. शेवटी सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, याची मला अजून लाज वाटते.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेलेल्या मानसांत बसून भाकर खाऊ न्हाई. चल घरी."

गाडी तिथंच ठेवून कंपाउंडाच्या मागच्या बाजूनं गेलो, म्हणून कुणाच्या नजरेला पडलो नाही. तिच्या खोलीत तिनं दोन ताटं काढली. माझ्या डब्यातलं अर्धं तिच्या ताटात, तिच्या पातेल्यातलं पिठलं माझ्या. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तेच. शनिवारी मी हात जोडले.

"मावशी, उद्या एवढं सांगू नकोस. वनिताला मीच सांगतो, पण सगळ्या चर्चसमोर नको."

"मी खोटं बोलायची न्हाई."

"खोटं कोण बोल म्हणतंय? नुसती गप्प बस."

"बघू," म्हणाली. झालं! रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं आणि मावशी उठली. बायकांच्या बाजूला पुढच्या चटईवर वनिता बसलेली. मी डोळे मिटून घेतले.

"आज माझंच सांगते," मावशी म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "शांतवन गेल्यापासून मी गॅसपाशी उभ्यानंच जेवते. ताट घेऊन एकटीला बसवतच न्हाई. बारा वर्सं झाली. या आठवड्यात पाच दिवस मी बसून जेवले. प्रभू, तुझे लई उपकार."

आणि खाली बसली.

कुणाबरोबर जेवली, हे तिनं सांगितलंच नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

"आणखी कोणी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी कधी उभा राहिलो, माझं मलाच कळलं नाही. "माझी नोकरी गेली," मी म्हणालो. "तीन आठवडे झाले. वनिता, तुला सांगायची छाती झाली नाही." आणि खाली बसायला लागलो.

"आरं, उपकार सांग की!" मावशी पुढून ओरडली. सगळे हसले, मीही हसलो.

"नोकरी असती तर मावशीकडं कधी जेवायला गेलो नसतो," मी म्हणालो, "त्याचे उपकार मानतो."

उपासना सुटल्यावर वनिता दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. डोळे लाल. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ मावशीपाशी गेली.

"मावशी, उद्यापासून तुमी आमच्याकडं जेवायचं. आणि बाळ झालं की ते मांडीवर घेऊन जेवायचं. ह्यांना काय ते मी घरी बघतेच."

मावशीनं वनिताचा हात धरला आणि आमच्या घराच्या दारापर्यंत सोडलाच नाही.